जिराफाच्या लेंडीचा फोटो

राजाबाईच्या हातात मोबाईल दिला की ती आधी खाली बघते. बाकीची माणसं तोंड बघतात, उजेड बघतात, मागं काय दिसतंय ते बघतात. ही बाई जमीन बघते. म्हैसूरच्या प्राणिसंग्रहालयात जिराफापुढं सगळी गर्दी माना वर करून उभी होती आणि राजाबाई एकटी कुंपणाशी उकिडवी बसून कशाचा तरी फोटो काढत होती. तिच्या एकाच पायात चप्पल होती. दुसरी तिनं काढून समोर मातीत मांडली होती.

"आत्या, अहो वर बघा ना! सगळ्यांचा फोटो घ्यायचाय," शालूनं तिसऱ्यांदा हाक मारली. शालू म्हणजे राजाबाईची सून. नवीन ड्रेस, डोक्यावर गॉगल, पाठीमागं अगदी बरोबर जागेवर आलेला जिराफ. फक्त सासू जागेवर नव्हती.

"काढा की तुमचा. माझं तोंड घरी बी हाय," राजाबाई खालूनच बोलली.

शालूचा नवरा अजिनाथ हसत सुटला. "अगं, आई कधी ऐकती का? काढ तू."

शालूनं फोटो काढला. पण शेजारी उभ्या असलेल्या कुठल्या तरी पुण्याकडच्या बाईनं राजाबाईकडं वाकून बघितलं, मग शालूकडं बघितलं आणि ओठ दाबले. ते ओठ दाबणं शालूच्या मनात पुढचे दोन दिवस रुतून बसलं. कारण राजाबाई फोटो काढत होती तो शेणाचा. झाडलोट करणाऱ्या माणसानं कुंपणाच्या आतला केर बाहेर ओढून लहानसा ढीग लावला होता, त्याचा. मागं जिराफाचे पाय, पुढं ढीग, आणि ढिगाशेजारी राजाबाईची डाव्या पायाची चप्पल.

तसं बघितलं तर राजाबाई या सहलीला यायलाच तयार नव्हती. अजिनाथला वाळूजच्या कंपनीतून दिवाळीनंतर आठ दिवसांची रजा मिळाली होती. म्हैसूर, उटी आणि येताना कारवारचा समुद्र, असा बेत दोन महिने आधी ठरला होता. पण दसऱ्याच्या तोंडावर राजाबाईची मोठी जाऊ, आवडाबाई, फर्दापूरच्या पुढच्या वस्तीवर हौदापाशी घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. शहरात आणून ऑपरेशन केलं, सळई बसवली, घरी नेलं. डॉक्टरांनी तिच्या पोराला, मोतीरामला, बजावून सांगितलं होतं: "हाड जुळतंय. पण पुढच्या महिनाअखेरीला मला या बाई वॉकर धरून चालताना दिसल्या पाहिजेत. अंथरूण धरलं, तर पुढं उभं राहणं अवघड आहे."

पहिल्याच दिवशी मोतीरामनं आणि शेजारच्या दोघांनी आवडाबाईला काखेत हात घालून उचललं. ती किंचाळली, हातातून निसटली, परत खाटेवर पडली. त्या दिवसापासून तिनं भिंतीकडं तोंड केलं ते केलंच. वॉकर कोपऱ्यात उभा. त्यावर मोतीरामच्या बायकोनं लुगडी वाळत घालायला सुरुवात केली होती.

"मी नाय जायाची कुठं. ती तशी पडली आसताना मी समुद्र बघू?" राजाबाई म्हणाली होती.

तेव्हा आवडाबाईनंच भिंतीकडं तोंड ठेवून तिला सुनावलं होतं, "जा गं. लई शानपना नको करू. तू बघितलं म्हंजे मी बघितलं."

त्या वाक्यात काय होतं ते शालूला त्या वेळी कळलं नाही. तिला वाटलं, म्हातारी माणसं असंच बोलतात.

सहल चांगली झाली. म्हैसुरात हत्ती बघितला, गेंडा बघितला. उटीच्या बागेत शालूनं काचघरातल्या फुलांपुढं उभं राहून वेगवेगळ्या ओढण्यांवर फोटो काढले. तिथं लांबच लांब हिरवळ होती, कापलेली, गालिच्यासारखी. तिच्या काठाशी राजाबाई कंबरेवर हात ठेवून कितीतरी वेळ उभी राहिली.

"एवढं गवत," ती म्हणाली, "आन् एक मेंढरू नाय. काय करत्यात ह्याचं?"

"बघतात, आत्या. बघायला असतंय ते."

"बघायला?" राजाबाईनं शालूकडं अशा नजरेनं बघितलं, की शालूला वाटलं आपणच काहीतरी चुकीचं बोललो. मग ती वाकली, गवताच्या काठाशी हाताची वीत टेकवली आणि दुसऱ्या हातानं फोटो काढला. गवताचा आणि वितीचा. कारवारला सूर्य बुडत होता, सगळा किनारा मोबाईल वर करून उभा होता. राजाबाईनं एका काळ्या खडकावर वाळलेल्या पांढऱ्या मिठाच्या रेघेचा फोटो काढला. त्याआधी बोट लावून चाटून बघितलं.

घरी आल्यावर, बजाजनगरच्या दोन खोल्यांत बॅगा तशाच पडलेल्या असताना, शालू फोटो निवडायला बसली. राजाबाईकडं शालूचाच जुना मोबाईल होता आणि त्यात जागा नावाला उरली होती. नातेवाइकांच्या ग्रुपवर सगळे विचारत होते, फोटो टाका, फोटो टाका. शालूनं सासूचा मोबाईल उघडला. हत्तीचा पाय. पुन्हा हत्तीचा पाय, जवळून. गेंड्याचा पाय. हरणाचा कान. कुठल्या तरी रानरेड्याचं नाक. पाण्याचा हौद, त्यात कुणी नाही. गवत, गवत, गवत. मीठ. शेण, सात तऱ्हांचं. शहाण्णव फोटो आणि त्यात तोंड कुणाचंच नाही.

शालूला खरं सांगायचं तर सासूची कीवच आली. म्हाताऱ्या माणसाचा हात थरथरतो, बोट भलतीकडं पडतं, असं तिनं मनाशी धरलं. शहाण्णवातले पाच ठेवले, बाकीचे पुसून टाकले. मग आपल्या मोबाईलमधले पन्नास चांगले निवडून ग्रुपवर टाकले. खाली लाल बदाम आले, "लई भारी वहिनी" आलं. आवडाबाईला दाखव म्हणून तिनं मोतीरामला वेगळे पाठवले.

दुसऱ्या दिवशी मोतीरामचा फोन आला. मोतीराम लेण्यांच्या गाडीतळावर रंगीत खडे विकतो. फोनवर बोलतानाही मागून गिऱ्हाइकाची भाषा ऐकू येत होती.

"वहिनी, दाखवले बरं का आईला. समदे दाखवले."

"मग? काय म्हणाल्या मोठ्या आत्या?"

मोतीराम जरा घुटमळला. "काय नाय... म्हणली, ह्याच्यात बघायचं काय? समदी तुमचीच तोंडं. जनावरं मागं उभी हायत, पाव्हण्यासारखी. आन् फिरली भिंतीकडं."

शालूला राग आला. आणि तो पुरता यायच्या आतच बाहेरच्या खोलीतून सासूचा आवाज आला.

"शालू, माझी लेंडी कुठंय गं?"

"काय?"

"जिराफाची लेंडी. ह्याच्यात व्हती. हत्तीचं पाय बी नाय, गवत नाय. कुठं गेलं समदं?"

शालू दारात येऊन उभी राहिली. "आत्या, ते... ते चुकून आलेले वाटले मला. मोबाईल भरला होता. मी काढून टाकले."

राजाबाई ओरडली असती तर शालूला बरं वाटलं असतं. ती ओरडली नाही. मोबाईल पालथा करून मांडीवर ठेवला आणि त्यावर हात ठेवून बसली. उन्हातान्हात, पाऊसपाण्यात चाळीस वर्षं मेंढरांमागं चाललेली बाई. नवरा गेला तेव्हाही ती बाजेवर तशीच बसली होती, असं अजिनाथनं एकदा सांगितलं होतं. आठ वर्षांमागं शेवटची मेंढरं विकली तेव्हाही तशीच.

"चुकून न्हवती काढली," ती म्हणाली. "ती खूण व्हती."

"कसली खूण?"

मग राजाबाईनं सांगितलं. शालूचं माहेर देवगाव रंगारीचं, घरात शेती. मेंढरं तिच्या आजोबांच्या काळातच सुटलेली, त्यामुळं तिला हे ठाऊक असायचं कारण नव्हतं. दिवाळी झाली की यांचा मेंढरांचा कळप सोयगावच्या डोंगरातून निघायचा तो थेट गोदावरीच्या काठापर्यंत जायचा. घोडी, कोंबड्या, लेकरं, सगळा संसार बरोबर. पुरुष माणसं मेंढरांमागं. पुढचा मुक्काम बघायचं काम दोघी जावांचं. एकीनं संसार सांभाळायचा, दुसरीनं दोन-तीन कोस पुढं जाऊन रान बघून यायचं. आणि बघून आलेलीनं नुसतं तोंडानं सांगायचं नाही. पदरात खूण आणायची. चिमूटभर माती. मूठभर गवत, मुळासकट. पाण्याच्या काठचा चिखल. आणि दुसऱ्या कुणाची मेंढरं तिथं आधी चरून गेली असली तर त्यांची लेंडी.

"लेंडी कशाला?"

"आता काय सांगू तुला! लेंडी फोडली की कळतंय, मेंढरू काय खाऊन आलंय. ओली का सुकी, त्यावरून कळतंय कवा गेलं. रोगट हाय का धडधाकट, ते कळतंय. तोंडाकडं बघून काय कळतंय? मेंढरू मरायच्या दिवशी बी तसंच तोंड करतंय."

राजाबाईनं मोबाईल पुन्हा सरळ केला. "आवडाक्का माझ्या हातची खूण बघायची. वास घ्यायची, चोळायची आन् म्हणायची, चल. नायतर म्हणायची, नको. ती नको म्हणली तर शंभर मेंढरांचा कळप जागचा हालायचा नाय. दीर बी गप, हे बी गप. ती म्हणली ना मला, तू बघितलं म्हंजे मी बघितलं? मग मी काय तुमची तोंडं घिऊन जाऊ तिच्याकडं?"

शालूनं सासूच्या हातातून मोबाईल घेतला. पुसलेले फोटो महिनाभर एका कोपऱ्यात पडून असतात, हे तिला माहीत होतं. शाळेच्या ऑफिसात रोज कॉम्प्युटरवर बसणारी बाई ती. मग एक हत्तीचा पाय वर आला, दुसरा आला, आणि मग सगळे, गवत, कान, हौद, मीठ.

"मोज," राजाबाई म्हणाली.

"शहाण्णव. सगळे आले, आत्या."

"मग मोठी काढून आण. कागदावर. मोबाईलवर नको."

"मोबाईलवर दिसतात की चांगले."

"मोबाईल आडवं पडून बी बघता येतो," राजाबाई म्हणाली आणि चप्पल घालायला उठली.

इसाकभाईचा फोटो स्टुडिओ त्याच रस्त्यावर होता. पासपोर्टचे फोटो, लग्नाचे अल्बम, साखरपुड्याचे बॅनर, सगळं तो करायचा. राजाबाईनं खुर्चीवर बसून त्याला एकेक फोटो दाखवत वीस निवडले. इसाकभाई आधी आदरानं बघत होता. मग चष्मा वर सरकवून बघायला लागला.

"अम्मा, ये क्या है?"

"लेंडी."

"हौ, वो दिखरा मेरेकू. पन इसकू मोटा कायकू करना?"

"बारीक दिसंल न्हवं, म्हणून."

इसाकभाईनं शालूकडं बघितलं. आठ दिवसांपूर्वी अशा वेळी शालूनं जमीन दुभंगावी म्हणून प्रार्थना केली असती. आता ती म्हणाली, "भाई, ये जिराफ का है. चप्पल पूरी आनी चाहिए, काटना नको."

"चप्पल भी रखना?"

"चप्पल नसली तर ती म्हणंल, मेंढराचीच हाय," राजाबाई समजावून सांगायला लागली. "चप्पल माझी, ती वळखती. चपलीशेजारी लेंडी, लेंडीमागं जिराफाचा पाय. आता कुठं जाईल?"

इसाकभाईनं मान डोलावली. त्याच्या बापाच्या दोन बकऱ्या होत्या लहानपणी, असं तो म्हणाला, आणि मग फोटो स्क्रीनवर मोठा करून स्वतःच पुढं वाकला. "या अल्ला. इत्ता बडा जानवर, और इत्ती-सी!"

"व्हय ना?" राजाबाई खुलली. "मी बी तेच म्हणलं!"

वीस फोटो वहीच्या पानाएवढे निघाले. रविवारी अजिनाथची ड्यूटी होती, म्हणून सासू-सून दोघीच सकाळच्या एसटीनं निघाल्या. सिल्लोडपर्यंत राजाबाई फोटोंचं पाकीट छातीशी धरून बसली. महिना संपायला नऊ दिवस उरले होते.

फर्दापूरला मोतीराम मोटारसायकल घेऊन आला होता. घरी पोचल्यावर शालूनं बघितलं ते असं: पत्र्याची लांबट खोली, मागच्या भिंतीला खाट, खाटेवर भिंतीकडं तोंड करून एक वाळलेली, उंच हाडाची बाई. वॉकरवर निळं लुगडं. दार उघडं, दारापुढं अंगण, अंगणात कडुनिंबाखाली सपाट दगड.

"आली का समुद्र पिऊन?" आवडाबाई भिंतीलाच म्हणाली.

"आले. खारट हाय," राजाबाई म्हणाली. पायाचं कसं काय, दुखतंय का, जेवलीस का, काही विचारलं नाही. खाली बसली आणि पाकिटातून पहिला फोटो काढला. "हत्तीला खूर न्हाय म्हणून भांडली व्हतीस ना माझ्यासंगं? पैठणच्या जत्रंत हत्ती आलता तवा?"

"न्हायच त्याला खूर. उशीसारखा पाय असतोय."

"घे."

आवडाबाईनं मागं हात केला. फोटो घेतला, डोळ्यांपाशी नेला. मोतीराम दाराशी उभा, शालू पाण्याचा तांब्या हातात तसाच धरून.

"नखं हायत की गं," आवडाबाई हळूच म्हणाली. "खूर न्हाय. नखं. म्हंजे मी बरोबर."

"आन् मी चूक कशी? नख बी खुराच्याच जातीचं."

"हारलीस तरी बोलतीस." आवडाबाई या कुशीवर वळली. शालूला तिचं तोंड आल्यापासून पहिल्यांदाच नीट दिसलं. डोळे खोल गेले होते, पण आता त्यात काहीतरी चालू झालं होतं. "आणखी काय आणलंस?"

उटीचं गवत दिलं. आवडाबाईनं वितीशी मापून बघितलं. "कवळं हाय. लई खाल्लं तर मेंढरू फुगंल." मिठाचा खडक दिला. "हे फुकाट पडलंय तिथं? आन् आपण पोत्यानं मीठ आणायचो!" हरणाच्या कानाचा फोटो दिला, तिनं कानाच्या आतली गोचिडीची जागा बघितली आणि जनावर निरोगी ठरवलं. हे सगळं हातात मिळत होतं. मग राजाबाईनं पुढचा फोटो तिच्या हातात दिला नाही. खाटेच्या पायथ्याशी ठेवला.

"इकडं दे ना."

"घे की. पडलाय तिथं."

आवडाबाई कोपरावर टेकून उठली, कण्हली, हात लांब करून फोटो घेतला. तो गेंड्याचा पाय होता. त्याला तीन बोटं होती आणि त्यावर त्या दोघींची चांगली हुज्जत झाली. त्यानंतरचा राजाबाईनं समोरच्या भिंतीला टेकवून ठेवला. आवडाबाई खाटेवर बसून, पाय खाली सोडून, मान पुढं काढून बघायला लागली. कण्हण्याच्या मधेमधे शिव्या सुटत होत्या. शालूला वाटलं आपण जाऊन फोटो हातात द्यावा. ती उठलीही. राजाबाईनं नुसतं तिच्या पदराला धरून तिला खाली बसवलं.

"आता शेवटचा," राजाबाई म्हणाली. "ह्यो खरा बघण्यासारखा. जिराफाची लेंडी."

"जिराफ म्हंजे ते ताडाएवढं?"

"व्हय. पर इथं उजेड कमी हाय." आणि ती उठली, दाराबाहेर गेली, अंगणातल्या दगडावर फोटो ठेवला, वर एक खडा ठेवला वाऱ्यासाठी. मग स्वतः निंबाला टेकून बसली आणि पिशवीतून बोरं काढून खायला लागली.

खाटेवरून दगड दिसत होता. फोटो दिसत होता. फोटोत काय आहे ते दिसत नव्हतं.

"राजे!"

"ओ."

"आण इकडं."

"ऊन चांगलं पडलंय त्याच्यावर. कशाला हलवू?"

"राजे, मला काय बसलेलं मेंढरू समजतीस व्हय गं? चारा दाखवून मागं सरकतीस?"

"मेंढरू असतीस तर कवाच उठली असतीस," राजाबाई बोराची बी थुंकत म्हणाली. "मेंढराला भूक तरी लागती."

"सटवे! रांडे! मी शिकवलं तुला हे! लगीन होऊन आलीस तवा मेंढरू बसलं की उचलायला धावायचीस!"

"मग आता तू सांग, उचलू का?"

आवडाबाईचं तोंड लालभडक झालं होतं. तिनं वॉकरकडं बघितलं. वॉकरवरच्या लुगड्याकडं बघितलं. "हे कुणी टाकलं माझ्या काठीवर? काठी हाय का कपडं वाळवायची दोरी हाय?" मोतीरामच्या बायकोनं घाईनं लुगडं ओढून घेतलं आणि वॉकर खाटेपुढं आणून ठेवला. आवडाबाईनं दोन्ही हातांनी दांड्या धरल्या. दंडावरच्या शिरा दोरीसारख्या वर आल्या. ती अर्धी उठली आणि तिचा गुडघा थरथरला.

"आई!" मोतीराम धावला.

"हात लावू नको!" राजाबाई निंबाखालून ओरडली. एवढा आवाज त्या बाईत आहे हे शालूला माहीत नव्हतं. तो मेंढरं वळवणाऱ्या बाईचा आवाज होता, रानाच्या ह्या कडेपासून त्या कडेला जाणारा. "लावशील हात तर बघ! उचललेलं जनावर पायावर भार द्यायचं इसरतंय. तुमी उचललंत म्हणूनच बसली ती."

मोतीराम जागच्या जागी थांबला. राजाबाई बसलेली तशीच बसली होती, पण शालूनं बघितलं, तिच्या हातातलं बोर चुरडून गर बोटांतून बाहेर आला होता.

आवडाबाई उभी राहिली.

मग एक पाऊल. वॉकर खड् करून पुढं, मग पाय. दुसरं. उंबऱ्यापाशी ती थांबली, दम खाल्ला, राजाबाईच्या सात पिढ्यांना नावं ठेवली आणि वॉकर उंबऱ्यापलीकडं टेकवला. खाटेपासून दगडापर्यंत तिला किती वेळ लागला ते कुणी बघितलं नाही. घाम हनुवटीवरून टपटप गळत होता. दगडापाशी आल्यावर तिनं एका हातानं वॉकर धरला, दुसऱ्या हातानं फोटो उचलून उन्हात धरला.

बराच वेळ बघितलं.

"खोटं हाय."

"चप्पल कुणाची हाय?"

"तुझी. अंगठा तुटलेली."

"मागं पाय कुणाचा हाय?"

आवडाबाईनं फोटो जवळ घेतला. "खूर फाटलेला हाय. मेंढीसारखा." तिनं मान वर केली. "रवंथ करतंय का गं?"

"करतंय. घटकाभर उभी राहून बघितलं. गळ्यातून गोळा वर येताना दिसतोय, हितून हितवर."

"म्हंजे आपल्यातलंच हाय," आवडाबाई म्हणाली आणि हसायला लागली. तोंडात वरचे तीनच दात होते, तरी पुऱ्या तोंडानं हसली. "एवढं मोठं धूड... आन् लेंडी बघ, लेंडी! मेंढरांच्या वाड्यातून उचलून आणावी तशी!"

दोघी हसायला लागल्या. आवडाबाई वॉकरला धरून उभ्यानं हसत होती. आपण उभ्या आहोत हे बहुतेक ती विसरली होती. मोतीरामची बायको पदरानं डोळे पुसत चहा ठेवायला आत गेली. मोतीराम भिंतीला टेकून तसाच उभा होता, हात अजून पुढं केलेलेच, आणि ते हात कुठं ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं.

"पाणी कसंय तिथलं?" आवडाबाईनं विचारलं.

"त्याचा बी फोटो हाय. पर आज नाय दावायची." राजाबाईनं पाकीट पदराखाली सरकवलं. "उद्या. हौदापाशी."

हौद अंगणाच्या पलीकडं होता, चांगला पंधरा पावलांवर. जिथं आवडाबाई पडली होती तोच.

आवडाबाईनं हौदाकडं बघितलं, मग जावेकडं. "तू माझा जीव घेशील."

"महिनाअखेरीला. डागदराला दावून झाल्यावर."

संध्याकाळच्या गाडीनं शालू एकटीच परतली. राजाबाई तिथंच राहिली, पाकिटातले उरलेले फोटो आणि ते जागोजागी टाचायला इसाकभाईनं दिलेली टाचण्यांची पुडी घेऊन. निघताना शालू तिच्या पाया पडली. ती एरवीही पडायची, सणावारी, रीत म्हणून. ह्या वेळी वाकली तेव्हा तिची नजर सासूच्या डाव्या पायाच्या चपलेवर गेली, अंगठा तुटलेल्या, आणि ती क्षणभर तशीच वाकून राहिली.

"काय बघतीस?" राजाबाई म्हणाली.

"काही नाही, आत्या. नवी चप्पल घेऊ तुम्हाला."

"नको. मग अक्का वळखायची नाय."

गाडीत बसल्यावर शालूनं मोबाईल काढला. दुपारी अंगणात तिनं एकच फोटो काढला होता. वॉकरचे चार रबरी पाय, त्यांच्या मधोमध दोन अनवाणी, भेगाळलेली पावलं, आणि मागं धुळीत उंबऱ्यापासून दगडापर्यंत आलेल्या खुणा. तोंड कुणाचंच नव्हतं. तो तिनं ग्रुपवर टाकला.

दोन मिनिटांत अजिनाथच्या चुलतबहिणीचं उत्तर आलं: "वहिनी, हा चुकून आला का?"

शालूनं लिहिलं: "नाही. नीट बघा."